बोस्टन लॅटिन स्कूल : अभ्यास, वक्तृत्व आणि मैदान

अमेरिकेतील बोस्टन शहराच्या करातून चालणारी आणि विद्यार्थ्यांकडून शिक्षणशुल्क न घेणारी बोस्टन लॅटिन स्कूल ही शाळा २३ एप्रिल १६३५ रोजी स्थापन झाली, म्हणजे हार्वर्ड विद्यापीठाच्याही एक वर्ष आधी. अमेरिकेतील ही सर्वांत जुनी सार्वजनिक शाळा. तिच्याबद्दल बोलताना बहुतेक जण या वयापाशीच थांबतात. मुलांना शाळेत घालायच्या विचारात असलेल्या पालकांनी मात्र थोडे पुढे जाऊन पाहावे, कारण या शाळेची खरी ताकद आज तिथे रोज काय करून घेतले जाते यात आहे. हुशार मुलगा असो की बुजरी मुलगी, प्रत्येकाला चारचौघांसमोर उभे राहायला लावणारी सरकारी शाळा माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

शाळेत सातवी ते बारावी असे सहा वर्ग असून विद्यार्थ्यांची संख्या दोन हजारांहून अधिक आहे. वर्गांची मोजणी मात्र उलटी चालते. सातवीचा वर्ग सहावा, तर बारावीचा वर्ग पहिला. म्हणून सातवीत नव्याने आलेल्या मुलांना तिथे ‘सिक्सी’ म्हणतात. हा सिक्सी पहिल्या दिवसापासून लॅटिन शिकू लागतो, आणि पुढची काही वर्षे ती भाषा कोणालाही चुकत नाही. ज्या भाषेत कोणी भाजी विकत घेणार नाही, ती शिकण्यात मुलांचा वेळ का घालवायचा, असा प्रश्न पालक विचारतात आणि तो रास्तही आहे. ज्यांनी शाळेत संस्कृतची विभक्तिरूपे घोकली आहेत, त्यांना याचे उत्तर लवकर पटेल. वाक्य उलगडून कर्ता, कर्म आणि क्रियापद यांचे नाते शोधण्याची सवय एकदा जडली, की इंग्रजी निबंधापासून विज्ञानाच्या उताऱ्यापर्यंत सगळीकडे ती कामी येते. वरच्या वर्गांत गणित, विज्ञान आणि इतिहास या विषयांचे महाविद्यालयीन तोडीचे अभ्यासक्रम घेता येतात. गृहपाठाचे ओझे मात्र खरोखरच मोठे आहे. रात्री दोन-तीन तास बसण्याची तयारी नसलेल्या मुलाला ही शाळा जड जाईल, हे आधीच समजून घेतलेले बरे.

माझ्या मते इथली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे डेक्लमेशन. प्रत्येक विद्यार्थ्याने एखादे भाषण, कविता किंवा नाटकातील उतारा तोंडपाठ करून इंग्रजीच्या तासाला वर्गासमोर सादर करायचा असतो. ज्यांचे सादरीकरण उत्तम ठरते, ते सभागृहाच्या मंचावर जातात. तिथे हातात कागद नसतो. समोर आपल्यापेक्षा लहान आणि मोठी मुले बसलेली असतात, आणि परीक्षक पाठांतर, आवाज व मांडणी यांना गुण देत असतात. आपल्याकडील शाळांमध्ये वक्तृत्व स्पर्धा कमी नसतात, पण तिथे बहुधा दरवर्षी तीच दोन-तीन ठरलेली मुले पाठवली जातात आणि उरलेला वर्ग टाळ्या वाजवतो. बोस्टन लॅटिनमध्ये कोणालाही नुसत्या टाळ्या वाजवून सुटता येत नाही. चौदाव्या वर्षी पाय लटपटत असताना तीन मिनिटे उभे राहून बोललेले मूल पुढे मुलाखतीत किंवा न्यायालयात गांगरत नाही, यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

शाळेचा इतिहास सांगताना बेंजामिन फ्रँकलिन, सॅम्युअल अ‍ॅडम्स आणि जॉन हॅनकॉक ही नावे ओघाने येतातच. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी पाच जण या शाळेत शिकले होते. त्यांतील फ्रँकलिनची गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते. आठव्या वर्षी तो इथे दाखल झाला, वर्गात पुढे गेला, आणि वर्षभराच्या आतच खर्चाच्या चिंतेने वडिलांनी त्याला काढून घेतले. त्याच फ्रँकलिनने मृत्युपत्रात बोस्टनच्या मोफत शाळांतील विद्यार्थ्यांना रौप्यपदके देण्यासाठी शंभर पौंड ठेवले. १९ एप्रिल १७७५ रोजी बोस्टनजवळच्या लेक्सिंग्टनला इंग्रजांविरुद्ध स्वातंत्र्ययुद्धाची लढाई पेटली, तेव्हा मुख्याध्यापक जॉन लव्हेल यांनी पुस्तके खाली ठेवायला सांगून शाळा सोडून दिली. ते स्वतः इंग्रज राजाच्या बाजूचे होते. त्याच शाळेत शिकवणारा त्यांचा मुलगा जेम्स मात्र स्वातंत्र्याच्या बाजूचा होता, आणि त्यापायी तो इंग्रजांच्या कैदेत पडला.

आता मैदानाविषयी. शाळा १९२२ पासून फेनवे भागातील दाट वस्तीत आहे, त्यामुळे उपनगरांतील शाळांकडे असतात तशी ऐसपैस मैदाने तिच्या आवारात नाहीत. शहरातील इतर मैदानांवर जाऊन खेळावे लागते, बंदिस्त धावपट्टीवरील शर्यतींसाठी रॉक्सबरीच्या रेजी लुईस केंद्रात जावे लागते, आणि नौकानयनाच्या सरावासाठी चार्ल्स नदी गाठावी लागते. तरीही अमेरिकन फुटबॉल, आइस हॉकी, बास्केटबॉल, धावणे आणि तलवारबाजी असे कितीतरी खेळ इथे आहेत, आणि जांभळ्या-पांढऱ्या गणवेशाचा अभिमान मोठा आहे. खेळांतील सर्वांत जुनी परंपरा म्हणजे इंग्लिश हायस्कूलविरुद्धचा फुटबॉल सामना, जो १८८७ पासून चालत आलेला आहे आणि नोव्हेंबरमधील थँक्सगिव्हिंग सणाशी जोडलेला आहे. त्या काळी दोन्ही शाळा साउथ एंड भागातील एकाच इमारतीत भरत. त्यामुळे या चुरशीत सख्ख्या शेजाऱ्यांची ईर्ष्या आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचे माजी विद्यार्थी या सामन्याची आठवण काढतात. फक्त खेळासाठी शाळा निवडायची असेल, तर मात्र मैदाने जवळ असलेल्या शाळा अधिक सोयीच्या पडतील. अभ्यास सांभाळून सराव आणि रोजचा प्रवास ही कसरत येथे मुलांनाच करावी लागते.

उणिवा सांगितल्याशिवाय हे परीक्षण प्रामाणिक होणार नाही. मुलींना या शाळेची दारे १९७२ मध्ये उघडली, म्हणजे स्थापनेनंतर तब्बल तीनशे सदतीस वर्षांनी. प्रवेशात वंशाचा विचार करावा की नाही, यावर नव्वदच्या दशकात खटले झाले आणि १९९८ मध्ये तशी पद्धत न्यायालयाने रद्द केली. त्यानंतर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रमाण घटले. २०१६ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थिनी शाळेतील वंशद्वेषी वागणुकीबद्दल उघडपणे बोलल्या, केंद्रीय चौकशी झाली आणि त्याच वर्षी मुख्याध्यापिका पायउतार झाल्या. शाळेने बोलायला शिकवलेल्या मुलींनी ते शिक्षण शाळेलाच जाब विचारण्यासाठी वापरले, याचे मला मनापासून कौतुक वाटते. दुसरी बाब पैशांची. माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेकडून या शाळेला मोठ्या देणग्या मिळतात, आणि त्याच शहरातील इतर सरकारी शाळांना असा आधार नाही. एकाच महापालिकेच्या दोन शाळांमध्ये एवढी तफावत असावी, हे मला पटत नाही.

प्रवेश सातवीत किंवा नववीत, परीक्षा आणि आधीच्या शाळेतील गुण यांवर मिळतो. २०२१ मध्ये शहराने नियम बदलून विद्यार्थी राहतो त्या भागाची आर्थिक परिस्थितीही विचारात घ्यायला सुरुवात केली. पुढे त्यात फेरबदल होत आले आहेत, त्यामुळे अर्ज करताना त्या वर्षीचे नियमच वाचावेत. मुख्य अट राहण्याची आहे. बोस्टन शहराच्या हद्दीत राहणाऱ्यांनाच प्रवेश मिळतो, आणि आपली पुष्कळशी मराठी कुटुंबे अ‍ॅक्टन, श्रूजबरी, वेस्टबरो किंवा बर्लिंग्टन अशा वेगळ्या गावांत राहतात. शाळेसाठी शहरात घर घेण्याचा विचार करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की पत्ता मिळाला म्हणजे जागा मिळाली असे होत नाही. प्रवेश हुकला तर बोस्टन लॅटिन अकॅडमी आणि ओब्रायन्ट या शहराच्याच दोन परीक्षाधारित शाळा आहेत. अर्ज भरताना पसंतीक्रमात त्यांचाही गांभीर्याने विचार करावा.