लिज्जतचा उडीद पापड: कराडचं पाकीट आणि बडोद्याचं पाकीट

मी कराडला घरगुती पापड करते. उन्हाळ्यात हाताखाली चार बायका असतात. तरीही गेल्या महिन्यात लिज्जतच्या उडीद पापडाची दोन पाकिटं आणवली, एक इथल्या वाण्याकडून, दुसरं भाच्याला सांगून बडोद्याहून. घरचे हसले. कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. एका जुन्या गिऱ्हाईकबाईंनी माझीच दोन पाकिटं समोर ठेवली आणि म्हणाल्या, "ताई, हे एका घरचे वाटत नाहीत हो." एकातला पापड खारट, दुसऱ्यातला अळणी.

दोन्ही गावांचे पाच-पाच पापड एकावर एक रचले. कडा जवळजवळ जुळल्या. अगदी साच्यातून काढल्यासारखे नाहीत, एखाद्याची कड किंचित वाकडी, म्हणजे हाताची लाटणी कळते. पण मध्ये जाड आणि कडेला पातळ असा एकही निघाला नाही. गॅसवर जाळी ठेवून भाजले, तर फोड बारीक आणि सगळीकडे सारखे आले, मध्ये कच्चा डाग राहिला नाही. हिंग आधी लागतो, मिरी घास गिळल्यावर घशाशी. ह्यांना डोळे मिटायला लावून दोन्ही खायला दिले. कराडचा कुठला नि बडोद्याचा कुठला, सांगता आलं नाही. (तिसराही मागितला, ते सोडा.)

हजारो बायका आपापल्या घरी बसून लाटतात, मग चव एक कशी? पीठ-मसाल्याची खरेदी एका जागी होते. सकाळी शाखेत पीठ मळतात, बायका ते मळलेलं पीठ घरी नेतात, लाटून वाळवून दुसऱ्या दिवशी परत आणतात. तिथे पापड तपासून घेतात आणि लाटणावळ हातात मिळते. म्हणजे चव ठरते ते काम शाखेत, लाटणं घरोघरी.

माझं नेमकं उलटं चाललं होतं. लाटण्यावर माझा डोळा, आकार सारखा यावा म्हणून डब्याचं झाकण ठेवून बघायचे. आणि डांगर, म्हणजे पापडाचं भिजवलेलं पीठ? त्या दिवशी जी आधी आली तिने अंदाजाने भिजवायचं. पापडखार चिमूटभर, आणि चिमूट प्रत्येकीची निराळी.

लिज्जतची सुरुवातही काही फार मोठी नव्हती. 15 मार्च 1959 ला गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन काम सुरू केलं. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. आधी त्या दोन प्रतींचे पापड करत, त्यातली हलकी प्रत स्वस्तात विकायला. ते पैसे उसने देणाऱ्या समाजसेवक छगनबाप्पा पारेखांनी सांगितलं, एकच प्रत ठेवा आणि त्यात तडजोड करू नका. पहिल्या पावसाळ्यात वाळवण होईना म्हणून चार महिने काम बंद पडलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली पेटता स्टोव्ह! हे वाचलं आणि मी कपाळावर हात मारला. वळवाने माझं गच्चीवरचं वाळवण दोनदा भिजवलंय आणि दोन्ही वेळा मी ढगांना शिव्या घालून मोकळी झाले.

आता छोटा वजनकाटा आणलाय. आदल्या रात्री किलोकिलोच्या हिशेबाने मीठ, खार, हिंग, मिरी मोजून पुड्या बांधून ठेवते. एक जण फुगली, "आमच्या हातावर भरवसा नाही का?" म्हटलं, हातावर आहे, चिमटीवर नाही.

तर पाकीट बिनधास्त घ्या, कुठल्याही गावचं. उघडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. फक्त तेलात बुडवून खायची डांगराची लाटी त्या पाकिटात मिळत नाही, तिच्यासाठी मे महिन्यात आमच्या गच्चीवर यावं लागेल.