नऊ महिने, एक ग्राफिक्स कार्ड आणि टिळक रोडचं एक छोटं दुकान

एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय, १६ जीबी मेमरीचं. मागच्या वर्षी २८ जूनला घेतलं, जीएसटी धरून ₹४७,५०० ला. आता नऊ महिने होत आले. त्यातले अठरा दिवस कार्ड माझ्याकडे नव्हतं, आणि मला जे सांगायचंय ते बरंचसं त्या अठरा दिवसांतच कळलं.

मी इंटिरियरची कामं करते, कोथरूडला घरूनच. किचन, हॉल, देवघर तयार झाल्यावर कसं दिसेल ते ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर करून, म्हणजे खऱ्यासारखं चित्र बनवून, क्लायंटला दाखवायचं, हा कामाचा मोठा भाग. मशीन जुनं: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चा मदरबोर्ड आणि जीटीएक्स १६६० सुपर हे ग्राफिक्स कार्ड. त्या कार्डाने पाच वर्षं इमानाने काम केलं. पण त्याची मेमरी ६ जीबी, आणि माझे सीन वाढत गेले. लाकडाचे मोठे टेक्श्चर, पडदे, कुंड्यांमधली झाडं. बाणेरच्या एका फ्लॅटचा हॉल रेंडरला लावला की एका चित्राला सव्वीस मिनिटं. आणि समोर बसलेल्या काकू म्हणायच्या, "अगं, लाइट जरा पिवळसर करून बघू या का?" म्हणजे पुन्हा सव्वीस मिनिटं. झाडं सगळी चालू ठेवली तर मेमरी संपल्याचा मेसेज येऊन रेंडर बंदच पडायचं.

नव्या कार्डाची चिप ठरवायला फारसा वेळ लागला नाही. ब्लेंडरच्या सायकल्समध्ये, म्हणजे त्याच्या रेंडर इंजिनात, एनव्हिडियाचं ऑप्टिक्स हे रेंडर वेगाने करणारं तंत्र वापरता येतं आणि त्याचा वेग माझ्या कामाला सरळ लागू पडतो. एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी ५ जूनलाच बाजारात आलं होतं, तेही १६ जीबीत आणि किमतीला कमी. गेमसाठी घेणाऱ्याने ते आधी बघावं असंच मी सांगेन, माझ्या भाच्यालाही तेच सांगितलं. मला मात्र रेंडरसाठीच हवं होतं.

५०६० टीआय ८ जीबीतही मिळतं, नाव तेच, खोकं जवळजवळ तसंच. दुकानात भाव विचारताना "१६ जीबी" हे शब्द तोंडाने उच्चारा आणि बिलावरही लिहून घ्या. माझे आत्ताचे सीन नऊ ते अकरा जीबी खातात. ८ जीबीचं घेतलं असतं तर वर्षाच्या आत परत तिथेच आले असते. जुना बोर्ड असेल त्यांना आणखी एक सांगते: या कार्डाला आठच पीसीआयई लेन, म्हणजे बोर्डाशी डेटा ने-आण करायच्या वाटा, आहेत आणि बी४५० फक्त पीसीआयई ३.० ही जुनी, हळू आवृत्ती देतो. त्यामुळे सीन कार्डावर चढायला थोडा जास्त वेळ लागतो. एकदा चढला की माझ्या कामात फरक दिसत नाही. मेमरी पुरते आहे तोवर ही अडचण जाणवत नाही, म्हणून जुन्या बोर्डावर १६ जीबीचं महत्त्व जास्तच.

ब्रँडवर मात्र मी तीन आठवडे घालवले. खरं तर तीन दिवस पुरले असते. चिप सगळ्यांची एकच असते. कंपन्या बोर्ड, हीटसिंक (चिपची उष्णता घेणाऱ्या धातूच्या पात्या), पंखे आणि वॉरंटी आपापली लावतात. झोटॅक, इनो३डी, पॅलिट यांच्याकडे फक्त एनव्हिडियाच्या चिप. सफायर आणि पॉवरकलर फक्त एएमडीचे. आसुस आणि गिगाबाइट दोन्ही करतात. झोटॅक आणि इनो३डी ही दोन्ही नावं पीसी पार्टनर या एकाच कंपनीची आहेत, हे मला शोधता शोधता कळलं. आणि नामांकित असणं म्हणजे कायम असणं नव्हे: ईव्हीजीएने सप्टेंबर २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डं बनवणंच थांबवलं.

कारखान्यातून थोडं ओव्हरक्लॉक करून, म्हणजे चिपचा वेग वाढवून, आलेलं कार्ड तीन-चार हजारांनी महाग असतं, आणि रेंडरमध्ये त्याने वाचणारा वेळ सेकंदांत मोजायचा. १८० वॅटच्या कार्डाला तीन पंखेही लागत नाहीत. मी टेपने कॅबिनेट मोजलं. हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत २८० मिलिमीटर जागा होती, म्हणजे तीन पंख्यांची बरीचशी मॉडेलं तिथेच बाद झाली. दोन पंख्यांचं, साधं, दिव्यांचा झगमगाट नसलेलं मॉडेल घेतलं. ब्रँडचं नाव इथे लिहीत नाही. एका नगाला आलेल्या दोषावरून कुणाचं नाव खराब होऊ नये, आणि माझ्या मते हा दोष कुणाच्याही कार्डाला येऊ शकला असता.

आता दुकानाबद्दल.

आधी ऑनलाइन भाव बघितले: कोलकात्याचं एमडी कम्प्युटर्स, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचं प्राइमएबीजीबी, शिवाय अ‍ॅमेझॉन. सगळ्यात कमी भाव ₹४६,२०० मिळाला. मग एका शनिवारी आनंदनगरहून मेट्रोने निघाले, सिव्हिल कोर्टला गाडी बदलून मंडईला उतरले आणि बुधवार पेठेपासून टिळक रोडपर्यंत पायीच सहा दुकानं पालथी घातली. एका ठिकाणी मला सांगितलं, "मॅडम, बिल नको असेल तर चव्वेचाळीस पाचशेला देतो." तीन हजार वाचतात म्हणून क्षणभर मन हललं, हे कबूल करते. पण हिशोब करून बघा. ₹४७,५०० मध्ये १८ टक्के जीएसटी म्हणजे साधारण ₹७,२४५. माझा जीएसटी नंबर आहे, त्याचं क्रेडिट मला मिळतं, म्हणजे तेवढी रक्कम मी भरायच्या जीएसटीतून वजा होते, आणि कार्ड मला चाळीस हजारांच्या थोडं वरच पडलं. बिनबिलाचं कार्ड उलट चार हजारांनी महाग होतं. ज्यांचा नंबर नाही त्यांनीही बिल सोडू नये. वॉरंटी सीरियल नंबरवर आणि बिलाच्या तारखेवर चालते. बाहेरच्या देशातून आणलेलं कार्ड बऱ्याचदा इथल्या वॉरंटीत बसत नाही, आणि असा माल बहुधा बिनबिलाच्याच वाटेने येतो.

शेवटचं दुकान टिळक रोडच्या एका बोळात, जेमतेम दहा बाय बाराचं. मालक साठीचे असतील. मी कार्डाचं नाव सांगितलं तर भाव सांगायच्या आधी त्यांनी विचारलं, "बोर्ड कुठला? एसएमपीएस किती वॅटचा?" एसएमपीएस, म्हणजे मशीनचा पॉवर सप्लाय, ४५० वॅटचा, पाच वर्षं जुना, असं सांगितल्यावर म्हणाले, "ताई, कार्ड आज न्या, पण एसएमपीएस बदलल्याशिवाय लावू नका. एनव्हिडिया स्वतः ६०० म्हणते." मग ६५० वॅटचाही तिथेच घेतला. कार्डाला ऑनलाइनपेक्षा तेराशे रुपये जास्त जात होते. मी थोडं कमी करायला सांगितलं. ते म्हणाले, "कमी नाही होणार. पण काही झालं तर कार्ड घेऊन माझ्याकडे या, सर्व्हिस सेंटरला मी जाईन." असं सगळेच म्हणतात. पण ते बोलताना काउंटरखालून एक वही काढून त्यांनी उघडून दाखवली. दुरुस्तीला गेलेला प्रत्येक माल, तारीख, सीरियल नंबर, परत कधी आला, गिऱ्हाइकाची सही. त्या वहीवर मी कार्ड घेतलं.

त्यांनी खोकं काउंटरवरच उघडलं. कार्ड चारही बाजूंनी फिरवून मोबाइलवर फोटो काढले, सीरियल नंबरचा वेगळा, हीटसिंकच्या पात्यांचा जवळून, आणि लगेच मला व्हॉट्सअ‍ॅप केले. मला घरी जायची घाई होती, हे सगळं जरा लांबण वाटलं.

घरी आल्यावर आधी मदरबोर्डचं बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केलं आणि मशीन सुरू होण्याची पद्धत जुन्यावरून यूईएफआयवर नेली, मगच कार्ड बसवलं. तासाभरात चालू. कार्डाला नेहमीची एकच आठ पिनची वायर लागते, त्यामुळे नव्या सोळा पिनच्या जोडणीची भानगड नाही. मी विसरले ते यूपीएसला. जुना ६०० व्हीएचा होता. पहिल्याच गुरुवारी महावितरणची देखभाल दुरुस्ती निघाली, रेंडर चालू असताना लाइट गेली, यूपीएस एकदा किंचाळला आणि सगळंच बंद. ११०० व्हीएचा आणला. एसएमपीएस आणि यूपीएस मिळून दहा हजारांच्या वर गेले. अपग्रेडचं बजेट करताना कार्डाच्या किमतीत हेही धरा.

कामाचं सांगायचं तर मी अतिशय समाधानी आहे. बाणेरचा तोच हॉल, तेच सेटिंग, साडेपाच मिनिटं. झाडं, पडदे, सगळं चालू ठेवून. आता क्लायंट चहा घेत असतानाच दुसरा लाइट लावून दाखवता येतो, आणि लोक निर्णय तिथल्या तिथे घेतात. कार्डाचं तापमान पावसाळ्यात ६५ अंशांच्या आसपास, आता मार्चअखेरच्या उन्हात दुपारी खोली तापलेली असते तेव्हा ७०-७१. समोर बांधकाम चालू आहे, त्यामुळे दीड महिन्याने ब्लोअर मारावा लागतो. काम नसताना पंखे पूर्ण थांबतात, ते मला फार आवडतं.

पण नवरात्रात पंखा वाजायला लागला. आधी वाटलं वायर कुठेतरी घासते आहे. रात्री एक वाजता घर शांत असताना कॅबिनेटची बाजू काढून टॉर्च धरून बसले. रेंडर सुरू केलं की पंखे थांबलेल्या अवस्थेतून फिरायला लागायचे आणि डावा पंखा पहिले आठ-दहा सेकंद टक टक टक करायचा, सायकलच्या चाकात पुठ्ठा अडकल्यासारखा. मग वेग वाढला की आवाज बसायचा. पंधरा दिवसांत तो आवाज बसेनासा झाला. हात लावून बघितलं तर तो पंखा दांड्यावर किंचित डुलत होता. मी स्क्रू काढला नाही, आणि तुम्हीही काढू नका. स्क्रूवरचं स्टिकर फाटलं की वाद तिथूनच सुरू होतो.

९ ऑक्टोबरला कार्ड घेऊन टिळक रोडला गेले. दुकानाच्या मालकांनी, काकांनी, स्वतःच्या टेस्ट मशीनवर लावलं, आवाजाचा व्हिडिओ काढला, वहीत नोंद केली, माझी सही घेतली. चार दिवसांनी त्यांचा फोन: सर्व्हिस सेंटरने कार्ड परत पाठवलंय. शेरा होता "फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही". हीटसिंकच्या कोपऱ्यातली एक पाती वाकलेली आहे म्हणे. माझ्या पोटात गोळा आला. दिवाळी तोंडावर, तीन क्लायंटना पाडव्याच्या आत फायनल चित्रं द्यायची कबूल केलेली, आणि सत्तेचाळीस हजारांचं कार्ड वॉरंटीबाहेर.

काका म्हणाले, "ताई, जूनचे फोटो आहेत ना तुमच्याकडे? बघा." बघितले. तिसऱ्या फोटोत, दुकानाच्या काउंटरवर, खोक्यातून नुकत्याच काढलेल्या कार्डाच्या त्याच कोपऱ्यातली तीच पाती तशीच वाकलेली. ती कंपनीतूनच तशी आली होती. पंख्याशी तिचा काही संबंधही नव्हता. फोटोवर तारीख होती. ते फोटो घेऊन काका स्वतः सर्व्हिस सेंटरला गेले, दोनदा. मी एकटी गेले असते, हातात नुसतं ऑनलाइन बिल असतं, तर काय उत्तर दिलं असतं मी? ऑनलाइन घेतलेलं कार्डही सर्व्हिस सेंटरला थेट देता येतं, वॉरंटी तीच असते. पण मग असा वाद आपल्यालाच घालावा लागतो, आणि पुरावाही आपल्यालाच सांभाळावा लागतो. ऑनलाइन मागवणार असाल तर खोकं उघडतानाचा न तोडलेला व्हिडिओ आणि पात्यांचे जवळून फोटो काढूनच ठेवा.

त्या दिवसांत जुन्या १६६० सुपरने वाचवलं. ती विकायची म्हणून मी जाहिरातही तयार केली होती, सुदैवाने टाकली नव्हती. झाडं काढून, टेक्श्चर अर्धे करून, रात्र रात्र मशीन चालू ठेवून तिन्ही कामं दिली. नवं कार्ड आल्यावर निदान सहा महिने जुनं विकू नका.

भाऊबीज झाल्यावर, २७ तारखेला, कार्ड आलं. दुरुस्त केलेलं माझं नव्हे, बदलून दिलेलं दुसरं. सीरियल नंबर वेगळा. मी खुशीत पिशवीत घालणार तेवढ्यात काकांनी थांबवलं. मूळ बिलावर नवा सीरियल नंबर लिहिला, शिक्का मारला, सर्व्हिस सेंटरच्या जॉब शीटची प्रत जोडली. वॉरंटी मूळ बिलाच्या तारखेपासूनच मोजतात, आणि पुढच्या वेळी बिलावरचा नंबर व कार्डावरचा नंबर जुळला नाही तर पुन्हा तोच खेळ. काही कंपन्या ठरावीक दिवसांत नोंदणी केली तर वॉरंटी वाढवून देतात; माझी नोंदणी जुन्या नंबरवर होती, तीही मेल करून बदलून घेतली. उत्तर यायला नऊ दिवस लागले, पण आलं.

बदललेलं कार्ड पाच महिने झाले, आवाज नाही. पूर्ण भारावर कान जवळ नेला तर बारीक किणकिण ऐकू येते, कॉइलची. पहिल्या कार्डात ती नव्हती. कामाच्या खुर्चीवरून ऐकू येत नाही म्हणून सोडून दिली.

मागच्या आठवड्यात भाच्यासाठी रॅम घ्यायला परत त्या दुकानात गेले. सोबत एसएमपीएसचं बिल नेलं होतं. ते छोट्या मशीनच्या गुळगुळीत कागदावरचं, आणि नऊ महिन्यांत त्यावरची अक्षरं जवळजवळ उडाली होती. काकांनी जूनची फाइल उघडून साध्या कागदावर नवी प्रत काढून दिली, शिक्का मारून. घरी येऊन दोन्ही बिलांची झेरॉक्स काढली आणि कार्डाच्या खोक्यातच ठेवली.