सोसायटीच्या गच्चीवर सौरऊर्जा: संच स्वतःचा की कंपनीचा?

नेरूळ-वाशीतल्या सोसायट्यांसमोर दोन वाटा असतात. वर्गणी काढून संच स्वतःचा बसवायचा, किंवा गच्ची कंपनीला द्यायची. खर्च तिचा, आपण ठरलेल्या दराने वीज घ्यायची.

कंपनीच्या वाटेत खिशाला तोशीस नाही, देखभालही तिच्याकडे. पण करार बरीच वर्षं चालणारा. मधेच गच्ची गळू लागली तर पॅनेल कोणी हलवायची, हे लिहून घेतलं नसेल तर भांडण ठरलेलं. सिडकोच्या जुन्या इमारतींत तर हा प्रश्न येतोच.

स्वतःच्या संचात अडचण पैशांपेक्षा माणसांची. ‘मी फ्लॅट विकणार आहे, मी का भरू?’ असं सर्वसाधारण सभेत कोणीतरी विचारतंच, आणि त्याचं चूकही नाही. म्हणून मी वर्गणीपेक्षा कर्ज सुचवेन. वाचलेल्या बिलातून हप्त्यांचा बराच भार निघतो. २०२४च्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते, तेव्हा पाण्याची टाकी आणि शेजारचा टॉवर आधी पाहा. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे एवढं भागलं तरी पुष्कळ.

मला स्वतःचाच संच पटतो. वॉटरप्रूफिंग मात्र त्याआधी उरकून घ्या.