ब्लाउजवालीचं चुकलेलं माप: रुंद पट्ट्यांची ब्रा, आठ महिन्यांनंतर

मी बेळगावच्या वडगावात ब्लाउज शिवते. सतरा वर्षं झाली. गिऱ्हाइकाच्या मुंढ्यात अर्धा इंच चुकला तर मला रात्री झोप लागत नाही, आणि स्वतःच्या अंगावर मात्र इतकी वर्षं सहा इंच चुकीचं माप वागवत होते.

माझी छाती पहिल्यापासून मोठी, दुसऱ्या बाळंतपणानंतर जास्तच. खांद्यांवर पट्ट्यांचे चर पडलेत, बोट ठेवलं तर निम्मं बुडतं. मशीनवर तासभर वाकून बसलं की मानेतून निघालेला ठणका डोक्याच्या मागपर्यंत चढायचा. उजवी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर, कात्री चालवताना मुंग्या. पावसाळ्यात छातीखालच्या वळीत लालभडक चट्टा. या सगळ्यावर घरात एकच औषध होतं. आत्या म्हणायच्या, "आमच्या घरात सगळ्याच भरलेल्या गे, कुणाला काय झालंय?" त्या स्वतः पाठीत वाकल्यात, हे कुणी बोलत नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढला, गोळ्या दिल्या आणि वजन कमी करा म्हणाले. केलं. पाच किलो उतरलं. चेहरा उतरला, कंबर उतरली, छाती आहे तिथंच. स्तनात चरबी किती आणि ग्रंथींचा भाग किती, हे प्रत्येकीचं वेगळं असतं, त्यामुळे वजनाबरोबर छाती उतरेलच असं नाही. ते मला नंतर कळलं.

कळलं ते व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडून. बाई कन्नड बोलणाऱ्या, माझं कन्नड बाजारापुरतं. त्यांनी मला दोन्ही हात वर करायला सांगितले आणि पाठीवरचा ब्राचा पट्टा सरसर वर चढून पाठीच्या पात्यांपर्यंत गेला. त्या हसल्या. मला घाम फुटला, कारण गिऱ्हाइकाच्या अंगावर असं कापड चढलं असतं तर मी ते उसवायला घेतलं असतं.

गोम अशी आहे. आपल्या बाजारात बहुतेक दुकानांत टेप लावतच नाहीत. काउंटरवरचा माणूस एकदा वर बघतो, पटकन खाली बघतो आणि म्हणतो, "वैनी, ४२ घ्या, बसतंय की." मीही घ्यायचे, कारण माझ्या वहीत माझी छाती ४२च आहे. पण ब्लाउजचा ४२ भरल्या छातीवरून घेतलेला असतो. ब्राचा आकडा छातीच्या खालून, बरगड्यांवरून घेतात. तिथं मी ३६. वरचं माप आणि खालचं माप यातला फरक म्हणजे कप: १ इंचाला ए, २ ला बी, ३ ला सी, ४ ला डी. पुढं प्रत्येक कंपनीचं निराळं, कुणी डीडी लिहितं, कुणी ई. माझा फरक ६ इंच. मी घालत होते ४२ बी.

ब्राचं वजन पेलायचं काम मुख्यतः खालच्या पट्ट्याचं. तो ढिला असला की सगळं ओझं खांद्यावरच्या दोन बारीक पट्ट्यांवर येतं. मग चर पडणार, मान धरणार, खांद्यातून हाताकडं जाणाऱ्या नसांवर दाब येऊन बोटं बधिर होणार. कळशीचं ओझं चुंबळीवर घेण्याऐवजी सुतळीनं गळ्यात अडकवलं, तसंच.

जूनमध्ये तीन ब्रा मागवल्या. बिनतारेच्या, पाऊण इंच रुंद पट्ट्या, मागं तीन हुक, वरपर्यंत झाकणारा कप, ३६ च्या पट्ट्यात. एकीला साडेनऊशे. नवऱ्याला आकडा सांगितला नाही. पहिल्या पार्सलातला कप लहान निघाला, दोन कपांच्या मधली जागा छातीच्या हाडाला टेकेना, काखेकडून मांस बाहेर. परत पाठवली, एक कप वरची आली. नवीन ब्रा सगळ्यात ढिल्या हुकावर बसली पाहिजे, म्हणजे इलॅस्टिक सैल होत जाईल तसं आत सरकता येतं. हे मी ब्लाउजला पुढं वाढवायला शिलाईत कापड ठेवते, त्याच्या बरोबर उलटं.

पहिला आठवडा छळाचा गेला. बरगड्यांना आवळल्यासारखं, दुपारी दोनला काढून टाकावीशी वाटायची. पंधरा दिवसांत सवय झाली. महिन्यानं मुंग्या कमी झाल्या. गणपतीच्या घाईत रोज दहा-बारा तास मशीनवर होते. दरवर्षी त्या दिवसांत डोकेदुखीची गोळी ठरलेली, यंदा दोनदाच लागली. श्रेय एकट्या ब्राला देणार नाही. बाईंचे व्यायाम रोज करते: दाराच्या चौकटीला हात टेकून छाती ताणायची, पाठीची पाती मागं आवळायची. "भुजा हिंदे" (खांदे मागं) हे त्यांचं पालुपद आता माझी मुलं मला म्हणून दाखवतात. मशीनखाली दोन विटाही घातल्या.

आता वाईट. बेळगावचा पाऊस आणि हे जाड कापड यांचं जमत नाही. ऑगस्टमध्ये दोन दिवस दोरीवर राहूनही कपाची खालची शिवण ओलीच. घाईनं तशीच घातली आणि चट्टा परत उठला. ओल, ऊब आणि घासणं एकत्र आलं की तिथं बुरशी धरते, ब्रा कितीही महाग असो. मागच्या वर्षी औषधाच्या दुकानातून मिळालेली मलम लावली होती. दोन दिवसांत खाज गेली, पंधरा दिवसांत चट्टा दुप्पट. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी ट्यूब बघितली आणि कपाळाला हात लावला: त्यात स्टेरॉइड मिसळलेलं होतं, त्यानं खाज दबते पण बुरशी फोफावते. त्यांनी साधं बुरशीचं मलम दिलं, साखर तपासायला लावली (नॉर्मल आली), पावडर बंद केली, कारण घामात तिचे गोळे होऊन तेच घासतात. आता आंघोळीनंतर वळ कोरडी करते आणि धुतलेल्या सुती साडीची घडी खाली ठेवते. कुठल्याही ब्रापेक्षा हा उपाय भारी, आणि फुकट.

खांद्यावरचे चर गेले नाहीत, जरा उथळ झालेत. संध्याकाळी पाठीच्या मधोमध दुखतं ते दुखतंच. म्हणून दिवाळीनंतर प्लास्टिक सर्जनांना भेटून आले. स्तन लहान करायची शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन करतात, काही तास चालते. व्रण कायमचे राहतात, निपलची जाणीव कमी होऊ शकते, पुढं अंगावर पाजायला अडचण येऊ शकते. माझी पाजायची वर्षं संपली, तो प्रश्न नाही. प्रश्न विम्याचा. सौंदर्याची शस्त्रक्रिया विम्यात बसत नाही, म्हणून वैद्यकीय गरज कागदोपत्री दाखवावी लागते. खांद्यांचे फोटो, फिजिओथेरपीच्या चिठ्ठ्या, त्वचेच्या डॉक्टरांचे कागद एका फायलीत लावून ठेवलेत. ठरवलं अजून काही नाही.

एक फायदा मात्र मी धरलाच नव्हता. खानापूरची माझी भाची, सतरा वर्षांची, हिनं कबड्डी सोडली होती. कारण विचारलं तर "अभ्यास". सुट्टीत आली तेव्हा कोपऱ्यात नेऊन टेप लावला. ती ३२, आणि तिला ३८ घालायला दिलेली. तिच्या आईला मी फोनवर बोलले ते इथं लिहीत नाही. मापाची स्पोर्ट्स ब्रा घेतली, पोरगी परत मैदानात जाते.

तीनपैकी एक आता शेवटच्या हुकावर आलीय, इलॅस्टिक दमलं. ती सोमवार-गुरुवारची, सगळ्यात जास्त धुतलेली आणि चुकून एकदा पिळलेलीही. दुसऱ्या दोन मधल्या हुकावर आहेत. तीच परत मागवणार आहे, पण मार्चमध्ये, म्हणजे पावसापर्यंत चार जोड हाताशी राहतील. रंग त्या मापात एकच येतो, अंगाच्या रंगाचा, आणि तोही कुणाच्या अंगाचा देव जाणे. माझ्या तर नव्हे.