जुन्या लॅपटॉपला नवं वायफाय: आतलं कार्ड की बाहेरचं डोंगल?

लॅपटॉप सात-आठ वर्षांचा झालाय, एसएसडी टाकून झाली, रॅम वाढवून झाली, आता फक्त वायफाय रखडतं, अशा माणसासाठी हे लिहितोय. त्याच खोलीत, त्याच राउटरवर मोबाइल झकास चालतो आणि लॅपटॉपवरच्या मीटिंगमध्ये मात्र चेहरे गोठतात. त्या काळच्या बजेट लॅपटॉपांत बऱ्याचदा एका अँटेनाचं, फक्त २.४ गिगाहर्ट्झ या वायफायच्या जुन्या पट्ट्यावर चालणारं कार्ड असायचं. नागपुरातल्या कुठल्याही फ्लॅट स्कीममध्ये वायफायची यादी उघडून बघा, अख्ख्या बिल्डिंगची नावं दिसतात. आणि २.४ वर एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. तिथं चेंगराचेंगरी होणारच.

म्हणजे ५ गिगाहर्ट्झच्या दुसऱ्या, मोकळ्या पट्ट्यावर जायचं, हे नक्की. राउटर ड्युअल बँड, म्हणजे दोन्ही पट्ट्यांवर चालणारा, नसेल तर आधी तो बदला, नाहीतर पुढचं सगळं वाया. प्रश्न उरतो तो आतलं कार्ड बदलायचं की यूएसबी डोंगल, म्हणजे बाहेरून पोर्टात खुपसायचं छोटं वायफाय यंत्र, लावायचं, एवढाच.

बर्डीत, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, विचाराल तर डोंगलच पुढं येईल. "काहून खोलून राहिले भाऊ? हे लावा अन् सुरू." त्या दुकानदाराचं म्हणणं अगदीच चूक नाही. डोंगलला स्क्रू नाहीत, वॉरंटीची भानगड नाही, उद्या लॅपटॉप विकला तर डोंगल आपल्याकडेच राहतं. कंपनीचा लॅपटॉप असेल तर विचार करायचंही कारण नाही, डोंगलच घ्या.

मी दोन्ही वापरलंय. वेगाच्या बाबतीत खरं सांगायचं तर मला फरक जाणवला नाही. घरचा प्लॅन १०० एमबीपीएसचा, तो दोघांनीही पुरेपूर दिला. बेडरूममध्ये, म्हणजे राउटरपासून दोन भिंती पलीकडे, कार्ड जरा बरं टिकतं असं मला वाटतं. त्याला कारणही आहे. लॅपटॉपच्या स्वतःच्या अँटेना बहुधा स्क्रीनच्या कडेने वर गेलेल्या असतात, तर छोटं डोंगल टेबलाला टेकून, लॅपटॉपच्या आडोशाला बसतं. लांब अँटेनाचं डोंगल घेतलं तर हा मुद्दा कदाचित उरणार नाही. पण मग ते मांडीवर घेऊन बसायच्या कामाचं राहत नाही.

एक त्रास आधी कळलेला बरा. यूएसबी ३ च्या पोर्टातून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट निघतो, हे इंटेलने २०१२ मध्येच लिहून ठेवलंय. डोंगल तिथं आणि वायरलेस माउसचा रिसीव्हर शेजारी असेल, तर पॉइंटर अडखळायला लागतो. रिसीव्हर दुसऱ्या बाजूला लावला किंवा मध्ये छोटी एक्स्टेन्शन वायर घातली की काम भागतं. यावरून मी डोंगल सोडलं नसतं.

सोडलं ते त्याच्या झोपेपायी. लॅपटॉपचं झाकण लावलं, चहा घेऊन आलो, झाकण उघडलं. लॅपटॉप जागा, डोंगल झोपलेलं. वायफायची खूणच गायब. काढा, परत लावा, 'टुडुंग' आवाजाची वाट बघा, मग जोडणी. लॅपटॉप झोपला की पोर्टची वीज कमी होते किंवा जाते, आणि उठल्यावर डोंगलला नव्याने ओळख द्यावी लागते. कधी देतं, कधी नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वीज वाचवण्याची खूण काढली, पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद केलं, ड्रायव्हर बदलला. प्रमाण कमी झालं, गेलं नाही. तेही एखाद वेळी चाललं असतं. पण मे महिन्यात दुपारी लाइट जाते, बॅटरी वाचवायला आपण झाकण लावतो, लाइट आली की मीटिंग आधीच सुरू झालेली असते आणि आपण खाली वाकून डोंगल उपसतोय! तुमचं डोंगल कदाचित शहाणं निघेल. सगळीच अशी नसतात, हे मान्य. पण आतलं कार्ड लावल्यापासून झाकण उघडलं की नेट हजर असतं, आणि मला या बदलात तेवढंच हवं होतं. वर ब्लूटूथही नवं मिळालं आणि एक पोर्ट मोकळा झाला.

कार्ड बसवणं अवघड नाही, नाजूक आहे. मागचं झाकण काढलं की आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा. अँटेनाच्या बारीक वायरींची टोकं सरळ वर उचलायची, लावताना नेमकी मधोमध ठेवून दाबायची. तिरकी दाबली तर टोक वाकतं. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात अंगावर स्थिर वीज जास्त साचते, म्हणून आधी एखाद्या धातूला हात लावा. कूलरच्या झोतात बसून हे करू नका, तो बारीक स्क्रू एकदा उडाला की फरशीवर सापडत नाही.

खोलण्याआधी दोन गोष्टी तपासा. थिंकपॅडची एक्स२३०, टी४३० ही पिढी आणि त्या सुमाराचे बरेच एचपी लॅपटॉप बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) परवानगी असलेल्या कार्डांची यादी ठेवतात. यादीबाहेरचं कार्ड लावलं की मशीन सुरूच होत नाही, थिंकपॅडवर १८०२ नंबरची सूचना येते. तिथं मात्र डोंगल बरं. दुसरं, त्या थिंकपॅडच्या पिढीच्या लॅपटॉपांत मिनी पीसीआय एक्सप्रेसचा रुंद स्लॉट असतो. त्यात एम.२ हे नव्या बनावटीचं छोटं कार्ड अडॅप्टरवर बसतं खरं, पण अँटेनाची जुनी टोकं मोठी असल्याने नव्या कार्डावर लागत नाहीत.

एम.२ स्लॉट असेल तर इंटेलचं एएक्स२०० किंवा एएक्स२१० मागा. २१० मध्ये ६ गिगाहर्ट्झ जास्तीचं आहे, राउटर तसा नसेल तर जे स्वस्त मिळेल ते घ्या. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला तशीच आणि बसतातही त्याच स्लॉटमध्ये, पण त्यांच्या वायफायचं अर्धं काम लॅपटॉपमधल्याच नव्या इंटेल चिपसेटमध्ये होतं, जुन्या मशीनवर ती चालत नाहीत. दुकानात शेवटचा आकडा शून्य आहे ना, तेवढं बघा. आणि अजून विंडोज ७ वरच असाल तर एएक्स२०० आणि २१० दोघांचेही ड्रायव्हर मिळायचे नाहीत. तेव्हा इंटेलचंच जुनं ८२६५ कार्ड शोधा. दोन अँटेना आणि ५ गिगाहर्ट्झ त्यातही आहे, आणि १०० च्या प्लॅनला ते पुरून उरतं.