शिमानो आरएस५०० आणि पिवळी क्लीट : पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत

पावसाळ्याच्या तोंडावर सायकलला शिमानोची आरएस५०० पेडल्स बसवली. खडकवासला, बोपदेव, कात्रज हे नेहमीचे रस्ते झाले, २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइडही झाली. माझं मत असं झालंय की डोकं पेडलपेक्षा क्लीटवर, म्हणजे बुटाच्या तळाला बसवून पेडलमध्ये अडकवायच्या तुकड्यावर, जास्त खर्च करावं.

शिमानोच्या तीन बोल्टांच्या क्लीटमध्ये रंग बघायचा. लाल लावली तर टाच जागची हलत नाही, निळीत २ अंश हलते, पिवळीत ६. लूक या दुसऱ्या कंपनीच्या किओ क्लीटचा हिशोब निराळा आहे, तिथे सगळ्यात जास्त, ९ अंश, लाल क्लीटच देते. दुकानात नुसता रंग सांगून क्लीट मागू नका. मी पिवळीच घ्या म्हणेन. दिवसभर पेडल मारायचं तर गुडघ्याला थोडी मोकळीक लागतेच. बीआरएमच्या शेवटच्या टप्प्यातही माझे गुडघे दुखले नाहीत.

आरएस५०० घेतली ती स्प्रिंगसाठी. ती मुळात हलकी आहे, टाच बाहेर वळवली की पाय सुटतो. सिंहगड रोडवर रिक्षा अचानक आडवी येते तेव्हा याचं मोल कळतं. स्प्रिंगचं टेन्शन सगळ्यात सैल ठेवलंय, तरी बोपदेवच्या चढाला उभं राहून मारतानाही पाय निसटलेला नाही.

आपण रस्त्याच्या डावीकडून चालवतो, थांबताना डावा पाय टेकतो, म्हणून डावी क्लीट आधी झिजते. पिवळा भाग जाऊन खालचा थर दिसला की जोडीच बदलायची. जुनी काढण्याआधी बुटावर मार्करने तिची कड आखून घ्या, नवी बरोब्बर तिथेच बसते. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावून ५ ते ६ न्यूटन-मीटरला आवळा. चहाला उतरलात तर क्लीटवर रबरी कव्हर चढवा, डांबरावर चालण्यानेच ती सगळ्यात जास्त खराब होते. पावसातून आल्यावर जुन्या टूथब्रशने चिखल काढायचा, स्प्रिंगला तेलाचा एक थेंब, आणि जास्तीचं पुसून टाकायचं. पेडल काढून साफ करणार असाल तर डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे लक्षात असू द्या.

वाटेत देवळं, किल्ले बघत फिरणाऱ्यांनी मात्र ही घेऊ नयेत. त्यांच्यासाठी शिमानोचीच दोन बोल्टांच्या क्लीटची एसपीडी पेडल्स. त्यांची धातूची क्लीट बुटाच्या तळात आत बसते, चालणं सोपं जातं. नवीन असाल तर त्यात एसएच५६ क्लीट मागा, ती एकाहून अधिक दिशांनी सुटते.