जुन्या तुळयांच्या फळ्या: कळव्याच्या वखारीत काय नीट होतं आणि काय नाही

ठाण्यातल्या नौपाडा, चरई, पाचपाखाडी या भागांतल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला गेल्या की त्यातून निघणाऱ्या सागवानी तुळया आणि खांब बहुतेक वेळा पाडकामाचा ठेकेदारच ठोक भावाने उचलतो. ज्यांनी आपल्या घराच्या तुळया हट्टाने ठेवून घेतल्या, किंवा जुन्या लाकडाच्या दुकानातून विकत आणल्या, त्यांची पुढची अडचण एकच: हा माल चिरून कोण देणार? नव्या लाकडावर चालणाऱ्या सॉ मिल जुना माल मशीनला लावायला नाखूश असतात, कारण आत खिळे असतात आणि एक खिळा पात्याचे दात घालवतो. कळवा-खारेगाव पट्ट्यातली ही वखार जुना माल घेते आणि लक्ष घालून चिरते. नाव देत नाही, कारण खाली जे तपासायला सांगितलं आहे ते ठाणे, भिवंडी, शिळफाटा कुठल्याही वखारीत तपासावंच लागेल. थोडक्यात मत असं: चिराई उत्तम, मोजमाप चोख, माल ठेवायची सोय वाईट, आणि कामगारांच्या नाका-कानाची काळजी जवळजवळ नाहीच.

जुन्या मालासाठी एवढा खटाटोप का, तर मुंबई-ठाण्याच्या जुन्या बांधकामात बर्मी सागवान भरपूर वापरलं गेलं. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १८६३ साली निघाली ती याच व्यापाराच्या जोरावर. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल ओंडक्यांची निर्यात बंद केली. आज बाजारात ज्याला सरसकट ‘इम्पोर्टेड साग’ म्हणतात तो बहुतेक आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या लागवडीचा असतो. झाड कोवळ्या वयात तोडलेलं असल्यामुळे त्यात गाभा कमी आणि बाहेरचं पांढरट लाकूड जास्त येतं, आणि कीड आधी लागते ती त्या पांढऱ्यालाच. जुनी तुळई जवळजवळ सगळी गाभ्याचीच असते आणि कित्येक दशकं घराच्या छताखाली वाळलेली असते. असं लाकूड चुकीच्या चिराईने वाया गेलं तर ते परत मिळत नाही.

या वखारीचं खरं कसब बँडसॉवर, म्हणजे पट्ट्यासारखं पातं फिरणाऱ्या करवतीच्या मशीनवर, चढवण्याआधीच्या तासाभरात दिसतं. तुळई आली की आधी तारेच्या ब्रशने तिच्यावरचा चुना आणि वाळू झाडतात. हे दिखाऊ काम नाही. सागवानातच सिलिका (वाळूत असतं तेच कठीण द्रव्य) असते, ती पातं बोथट करते. त्यात भिंतीची वाळू मिसळली की पातं दिवसभर टिकत नाही. मग हातातला मेटल डिटेक्टर चारही बाजूंनी फिरवतात आणि आवाज येईल तिथे खडूने गोल करतात. चारही बाजूंनी, कारण असं यंत्र लाकडात जेमतेम दोनेक इंच आतपर्यंतचं लोखंड पकडतं. नऊ इंची तुळईच्या पोटातला खिळा एका बाजूने कळत नाही. म्हणून पहिली चीर मारून झाल्यावर उघडलेल्या अंगावर यंत्र पुन्हा फिरवतात. हे दुसऱ्यांदा फिरवणं बऱ्याच ठिकाणी टाळतात.

डोळ्यांनीही बरंच कळतं. सागवानातल्या टॅनिनचा (तुरट द्रव्याचा) लोखंडाशी संबंध आला की भोवती निळसर काळा डाग पडतो. डाग आहे आणि खिळा दिसत नाही, याचा अर्थ डोकं तुटून दांडा आत राहिला आहे. असा दांडा इथले लोक पहारीने ओढत बसत नाहीत, कारण त्यात लाकूड फाटतं. पटाशीने भोवतीचं अर्धा इंच उकरतात, पकडीने धरतात आणि पीळ देत बाहेर काढतात. जुने खिळे अनेकदा हाताने घडवलेले, चौकोनी अंगाचे असतात. ते सरळ ओढले की अर्ध्यात तुटतात, म्हणून आधी पीळ.

पात्याचे दात गेले तर पैसे कोणाचे, हे इथे पावतीवरच छापलेलं आहे. खिळ्यांची तपासणी वखारीने केली असेल तर नुकसान वखारीचं. गिऱ्हाइकाने घाईने ‘तपासायला नको’ म्हटलं तर गिऱ्हाइकाचं. इतका साधा नियम दुसरीकडे तोंडीच असतो, आणि भांडणं तिथूनच सुरू होतात.

भिंतीत गाडलेली टोकं हा वेगळा विषय. तिथे ओल मुरलेली असते. पटाशी टोचली आणि ती लोण्यासारखी आत गेली तर तो भाग कुजलेला. साधारण सहा इंच ते एक फूट प्रत्येक टोकाला सोडून द्यायची तयारी ठेवा. दहा फुटी तुळईतून आठ फुटांचा दरवाजा मागितलात तर मिळेल. साडेनऊ फुटांची फळी मागाल तर निराश व्हाल.

आता चिराई. मोठ्या तुळईच्या मध्यातून झाडाचा मूळ गाभेरा, म्हणजे खोडाचा अगदी मधला भाग, जात असेल तर ती वाळताना बाहेरून मध्याकडे एक लांब चीर (भेग) पडलेली असतेच. इथला मिस्त्री तुळई मशीनला लावण्याआधी टोकाकडून ती चीर बघतो आणि तुळई अशी फिरवतो की पात्याची दिशा चिरेला समांतर यावी. मग ती चीर एका फळीत जाते, फार तर दोन. तुळई आडवी लावली तर तीच चीर वाटेतल्या प्रत्येक फळीला मधोमध चिरत जाते आणि तेवढा माल दुय्यम होतो. हे बघायला अर्धं मिनिट लागतं. ज्या वखारीत तुळई टेम्पोतून उतरली तशीच मशीनवर चढते, तिथे माल देऊ नका.

किती फळ्या निघतील याचा हिशोब सुतात करा, म्हणजे फसगत होत नाही. आठ सूत म्हणजे एक इंच. समजा तुळई ९ इंच रुंद, ६ इंच जाड, १० फूट लांब आहे. घनफूट काढायचे तर फूट गुणिले इंच गुणिले इंच, भागिले १४४. म्हणजे ३.७५ घनफूट. सहा इंच म्हणजे ४८ सूत. वरचा काळवंडलेला थर काढायला दोन्ही बाजूंनी दीड-दीड सूत गेलं की उरलं ४५. एक इंची फळी ८ सुतांची, आणि प्रत्येक चिरेत पातं साधारण एक सूत खातं. पाच फळ्यांना ४० आणि मधल्या चार चिरांना ४, एकूण ४४. म्हणजे सहा इंची तुळईतून एक इंची फळ्या पाच निघतात, सहा नाही. रुंदीतूनही तेवढंच गेलं की साडेआठ इंची फळी मिळते. पाच फळ्यांचं माप २.९५ घनफूट. पंचमांश माल भुशात आणि सालपटात गेला, आणि हे चांगल्या चिराईत.

इथेच बऱ्याच जणांची चूक होते. त्यांना हवा असतो रंधा मारून तयार एक इंच, आणि ते चिरायला सांगतात एक इंच. रंधा दोन्ही बाजूंचं मिळून सहज दोन सूत घेतो. तयार एक इंच हवा तर दहा सुतांची फळी मागा. मग वरच्या तुळईतून चारच निघतील. सुताराला आधी विचारा, वखारीत नंतर जा.

चिराईचा दर घनफुटावर असतो. तो आत आलेल्या मापावर की बाहेर निघालेल्या फळ्यांवर, हे काम सुरू होण्याआधी बोलून घ्या. वरच्या एका तुळईतच पाऊण घनफुटाहून जास्त फरक आहे. ही वखार आतल्या मापावर घेते, पण माप तुमच्यासमोर टेप लावून, टोकाचा कुजका भाग वगळून. हे प्रामाणिक आहे. (नवा गोल ओंडका विकत घ्यायचा असेल तर तिथलं माप निराळं: घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. ४८ इंच घेराचा १० फुटी ओंडका या पद्धतीने १० घनफूट भरतो, प्रत्यक्षात तो १२.७ च्या आसपास असतो. हा जास्तीचा माल फुकटचा समजू नका, साल आणि कडा त्यातूनच जातात.)

फळी हातात आली की तीन ठिकाणी जाडी मोजा: दोन्ही टोकं आणि मध्य. अर्ध्या सुताहून जास्त फरक असेल तर पातं बोथट होतं किंवा फळी घाईने ढकलली. बोथट पातं तापतं, आणि तापलं की लाकडात लाटेसारखं फिरतं. फळीवर सरळ पट्टी ठेवून उजेडाकडे धरा, लाट लगेच दिसते. इथे मिस्त्री आवाज बदलला की मशीन थांबवतो आणि धार लावलेलं पातं चढवतो. त्याला घाई करू नका.

चिरल्याबरोबर काही फळ्या धनुष्यासारख्या वाकतात. यात वखारीचा दोष नाही. तुळईत वर्षानुवर्षं साठलेला ताण मोकळा होतो. अशी फळी लगेच रंध्याला लावायची नाही. सपाट जमिनीवर दीड-दोन फुटांवर एकसारख्या जाडीच्या पट्ट्या टाकून, पट्टीवर पट्टी येईल अशा थराने फळ्या रचा, वर वजन ठेवा आणि दोन-तीन आठवडे जाऊ द्या. मगच रंधा.

आणि जुना तेलरंग असलेलं लाकूड कोरडं घासू किंवा रंध्याला लावू नका. त्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ घरातल्या लहान मुलांना सगळ्यात घातक. रंग ओला करून खरवडा, खरवडलेलं पिशवीत बांधा.

आता नापसंतीचं. फळ्या ठेवायला इथे नीट छप्पर नाही. उघड्या आवारात ताडपत्री टाकून माल पडलेला असतो. मार्च-एप्रिलमध्ये चालून जातं, जुलैत नाही. बारा टक्क्यांच्या आसपास ओलावा असलेलं लाकूड ठाण्याच्या पावसाळी हवेत, भिजलं नाही तरी, सोळा-सतरापर्यंत चढतं. ओलाव्यात पाच टक्क्यांची वाढ झाली की आडव्या रेषेची (जिच्या अंगावर कमानदार रेषा दिसतात ती) साडेआठ इंची सागवानी फळी रुंदीत साधारण २ मिलिमीटर फुगते. अशा चार फळ्या जोडून दाराची झडप केली तर ८ मिलिमीटर. ऑगस्टमध्ये फुगलेल्या फळ्यांचं दार करून बसवलं की मे महिन्यात सांधे उघडतात; उन्हाळ्यात घट्ट मापाने केलं की पावसाळ्यात बारसाखीत (चौकटीत) अडकतं. म्हणून चिराई दिवाळीनंतर ते मे अखेरपर्यंत उरका, आणि माल त्याच दिवशी घरी न्या.

ओलावा मोजायचं दोन सुयांचं मीटर वखारीत आहे, पण ते फळीच्या वरच्या अंगावर लावतात. टोकापासून फूटभर आत ताजा काप घ्यायला सांगा आणि तिथे लावा. मीटर नसेल तर वजनकाटा चालतो. वाळलेलं सागवान घनफुटाला साडेअठरा किलोच्या आसपास भरतं. वरच्या पाच फळ्या मिळून पंचावन्न किलोच्या आसपास असायला हव्यात. सत्तरला गेल्या तर माल ओला आहे किंवा सागवानच नाही.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. मशीनवर आणि फळी ओढायला उभे असणारे कामगार नाकाला फक्त गमछा बांधतात. लाकडाची बारीक धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात धरली आहे. नाकाच्या आतल्या भागाला तिचा धोका असतो. सागवानाच्या भुशाने त्वचेला खाज आणि पुरळही येतात. गमछ्यातून बारीक धूळ सहज आत जाते. पात्याखाली धूळ खेचणारा पंखा आणि ती खाली पाडणारा सायक्लोन बसवला तर कामगारांचंही भलं होईल आणि वखारीच्या मागच्या चाळीचंही, जिथे वाळत घातलेल्या कपड्यांवर दुपारपर्यंत पिवळट थर बसतो. चाळीतली माणसं आणि वखारीतली माणसं एकमेकांना ओळखतात, संध्याकाळी मशीन वेळेवर बंद होतं, म्हणून वाद वाढत नाहीत. पण धूळ ओळख बघत नाही. पंचमांश माल भुशात आणि सालपटात घालवणाऱ्या धंद्याने त्यातला भुसा हवेत न जाऊ देण्यावर खर्च करायलाच हवा. गिऱ्हाईक म्हणून हे दर वेळी बोलून दाखवा.

जाण्याआधी कागदपत्रं तयार ठेवा. सॉ मिल वनखात्याच्या परवान्यावर चालते. सर्वोच्च न्यायालयाच्या जंगलतोडीवरच्या गोदावर्मन खटल्यातल्या १९९६ नंतरच्या आदेशांमुळे परवान्यांवर कडक नजर असते. जुना माल कुठून आला याचा पुरावा, म्हणजे खरेदीची पावती किंवा पाडकामाच्या परवानगीची प्रत, सोबत असू द्या. ही वखार तो मागून घेते आणि वहीत नोंद करते. न मागणाऱ्या वखारीपासून लांब राहिलेलं बरं.

दहा फुटी तुळई सत्तर किलोच्या घरात जाते आणि छोटा हत्तीचा हौदा सात फुटांच्या आसपास असतो, त्यामुळे माल मागे लोंबतो. लांब हौद्याचा टेम्पो करा. चढ-उताराचे पैसे चिराईत धरलेले नसतात, ते हमालांना वेगळे द्यायचे. सालपटं आणि टोकांचे तुकडे तुमचे आहेत, ते सोडून येऊ नका. चांगल्या टोकांतून पाट आणि चौरंग होतात. फळ्यांच्या टोकांना घरी पोचल्याबरोबर उरलासुरला कुठलाही तेलरंग किंवा पातळ केलेलं मेण लावा, कारण लाकूड टोकाकडून सगळ्यात लवकर वाळतं आणि पहिली चीर तिथेच पडते.